रोज मरणारा काटा

अकरा वर्षं तो काटा तळाशी पडून होता.
टाकी काठोकाठ भरा, अर्धी भरा,
मेंढ्या लादा, लोकर लादा, नुसता वारा लादा,
त्याचं एकच: संपलं. संपलं.
रोज मरे त्याला कोण रडे.
पेट्रोल आम्ही मोजायचो वाळुंजाच्या फोकेनं,
उबाल्दोनं चाकूनं तिच्यावर खाचा पाडलेल्या:
गावापर्यंत,
गावाहून परत,
आणि सगळ्यात खालची, जिला नाव नव्हतं.

चुबुतच्या पठारावर पंप नव्वद किलोमीटर लांब,
मधे एक वळण, दोन फाटकं, आणि वारा,
जो कुणाच्याच बाजूचा नाही.

यंदा लोकर उतरवून झाल्यावर आर्वेल आला,
वेल्श आजोबांचे मोठे कान आणि स्वतःची पक्कड घेऊन.
उबाल्दो म्हणाला, डॅशबोर्डच बदलू.
त्याचा भाऊ म्हणाला, फ्यूज.
धाकटी म्हणाली, काटा झोपलाय.
आर्वेल काहीच म्हणाला नाही. हातातला माते संपवला,
शेजारच्या तापमानाच्या काट्याकडे बघत राहिला.
तो नीट चढत होता.
म्हणजे वीज बरोबर येतेय, एवढंच पुटपुटला
आणि सीटची पाठ खाली पाडली.

या जुन्या फोर्डची टाकी सीटच्या मागेच,
आपल्या पाठीला पाठ लावून.
इतकी वर्षं आम्ही पेट्रोलला टेकून बसत आलो
आणि विचारत आलो काचेला.

टाकीवरची वायर त्यानं काढली,
उघड्या पत्र्याला टेकवली. "चावी फिरव."
मी फिरवली.
काटा हलला.
घाईनं नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखा
उठला, अर्ध्यावर दम खाल्ला,
आणि भरल्याच्या खुणेवर जाऊन टेकला.
धाकटीनं टाळ्या वाजवल्या. मला मात्र
थोडी लाज वाटली. अकरा वर्षं शिव्या यालाच दिल्या,
आणि हा बिचारा, कानात जे पडायचं तेच बोलत होता.

लाकडी ठोकळ्यानं ठोकत ठोकत ("लोखंड नको, ठिणगी पडेल")
आर्वेलनं कडं सोडवलं,
टाकीतून बाहेर काढला एक वाकडा हात,
हाताच्या टोकाला पितळी डबी, लिंबाएवढी.
माझ्या कानाशी धरून हलवली.
डुचमळ.
तरंगायचं, एवढंच काम होतं तिला.
जे मोजायचं तेच पोटात घेऊन
ती बसली होती बुडाशी.

चुलीपासून लांब, मेंढवाड्यापलीकडे,
गरम पाण्याच्या तसराळ्यात तिला दाबून धरली
तेव्हा बुडबुड्यांची बारीक माळ सुटली
सुईच्या टोकाएवढ्या भोकातून.
मग दोन दिवस ती दोरीवर वाळत होती
उबाल्दोच्या मोज्यांशेजारी.
मग डाख. कथिलाचा एक थेंब.
पैसे घेतले नाहीत आर्वेलनं, चीज घेतलं.

काटा आता खरं बोलतो.
चढाला जरा जास्त, उताराला जरा कमी,
तेवढं माणसाचंही होतं.
पहिला आठवडा आम्ही रस्ता सोडून त्याच्याकडेच बघायचो.
नंतर ती सवय मोडली,
म्हणजे जुनी परत आली.

परवा दुसऱ्या फाटकाच्या अलीकडे
गाडी दोन आचके देऊन थांबली.
काटा तळाशी होता. केव्हाचा होता.
उबाल्दोनं पाहिलाही होता.
"तो काय, नेहमीच तसा," म्हणाला,
आणि आम्ही दोघं एकदमच हसलो, एकदमच थांबलो.

तो डबा घेऊन निघाला, वाऱ्याला खांदा देत.
मी सीटमागची फोक काढली, टाकीत घातली,
आपली खात्री म्हणून.
सगळ्यात खालची, बिननावाची खाच
कोरडी निघाली.